उष्णतेची पूर्वसूचना



वैशाखाच्या तोंडावर कोथरूडकरांपुढे उष्णतेवर बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. दिवसभर घामाने बेजार झालेली मंडळी संध्याकाळच्या झुळकीच्या आशेने येथे येऊन बसावीत, आणि वक्त्याने पुन्हा तापाचीच गोष्ट काढावी! पण आम्हांस ज्या उष्णतेबद्दल बोलावयाचे आहे ती सूर्याची नव्हे, आणि लोहाराच्या भट्टीचीही नव्हे. भट्टी पेटलेली डोळ्यांना दिसते. माणूस तिच्यापासून आपोआप चार हात दूर राहतो. आमचा विषय आहे तो बंद पिंपात, टाकीत, जहाजाच्या पोटात, ज्वाळा न दिसता वाढत जाणाऱ्या उष्णतेचा.

हा विषय आमच्या मनात घोळू लागला तो ७ जून २०२१ पासून. त्या दिवशी दुपारी मुळशी तालुक्यातील उरवडे येथे पाणी शुद्ध करण्याची रसायने बनविणाऱ्या एका कारखान्यात आग लागली. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट करीत आपण पावसाळ्यात मुळशीकडे सहलीला जातो, त्याच वाटेच्या बाजूला हे गाव. कोथरूडहून तासाभराच्या आतले. मृतांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आजूबाजूच्या खेड्यांतून रोजगारासाठी आलेल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे वाचताना घरातील एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने आम्हांस विचारले, “आजोबा, हे कोणाला आधी कळत नाही का?” त्या वेळी आम्ही काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवूनही नेमके उत्तर आम्हांजवळ नव्हते. मग जुनी प्रकरणे काढून वाचू लागलो. उरवड्याच्या आगीविषयी आज आम्ही अधिक बोलणार नाही. परंतु मुलाचा तो प्रश्न घेऊन मागच्या शंभर-दीडशे वर्षांत थोडे हिंडून यावे, असा बेत आहे.

आरंभ घरापासूनच करू. ज्यांनी लहानपणी वाड्याचे बांधकाम पाहिले आहे त्यांना कळीचा चुना विरवताना पाहिल्याचे आठवत असेल. पांढरे, थंडगार दिसणारे खडे. त्यांवर पाणी ओतले की ते फुटतात, हिसहिसतात, आणि पाणी उकळू लागते. खाली जाळ नाही, निखारा नाही. दोन पदार्थ एकत्र आले आणि त्यांच्या संयोगातूनच उष्णता बाहेर पडली. कळीच्या चुन्याची पोती पावसात भिजू देऊ नयेत, नाहीतर गोणपाटच पेट घेते, हे जुन्या गवंड्यांना कोणी पुस्तकातून शिकविलेले नव्हते. ओल्या गवताची गंजी आतून तापते हेही शेतकरी जाणतो. गंजीत हात घालून पाहण्याची त्याची रीत असते. कारखान्यातील पुष्कळशा रासायनिक क्रिया याच जातीच्या आहेत. त्या स्वतःच उष्णता निर्माण करतात, आणि कारखानदाराचे निम्मे कौशल्य ती उष्णता वेळेवर काढून नेण्यात असते.

येथे शास्त्राच्या दोन गोष्टी सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. पहिली अशी की, उष्णतामान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. उन्हाळ्यात इडलीचे पीठ लवकर फुगते ते यामुळेच. दहा अंशांना दुप्पट म्हटले की फारसे वाटत नाही. पण वीस अंशांवरून नव्वदावर जा : सात वेळा दुप्पट, म्हणजे सुमारे सव्वाशे पट! आणि क्रियेचा वेग वाढला की उष्णता अधिक निघते, उष्णता वाढली की वेग आणखी वाढतो. सावकाराच्या चक्रवाढीपेक्षाही हे चक्र निर्दय आहे.

दुसरी गोष्ट भांड्याची. उष्णता निर्माण होते ती भांड्यातील सगळ्या पदार्थात, परंतु बाहेर पडते ती भांड्याच्या पृष्ठभागातून. कपातला चहा बोलता बोलता निवतो, हंड्यातले पाणी तासभर कढत राहते. भांडे लांबीरुंदीने दहापट मोठे केले, तर त्याचा पृष्ठभाग शंभरपट होतो, पण आतला माल हजारपट. तेव्हा प्रयोगशाळेतील लिटरभराच्या चंबूत जी क्रिया गोगलगायीसारखी मऊ वाटते, तीच हजार लिटरच्या रिअॅक्टरमध्ये अगदी वेगळी वागते. आमच्या मते कारखान्यांच्या इतिहासातील कित्येक अपघातांचे मूळ या साध्या अंकगणितात आहे.

हे अंकगणित युरोपला पहिल्याने जाणवले ते नायट्रोग्लिसरिन तयार करताना. १८६४ साली स्टॉकहोमजवळच्या हेलेनेबोर्ग येथे आल्फ्रेड नोबेल यांच्या कारखान्यात स्फोट झाला, आणि त्यात त्यांचा धाकटा भाऊ एमिल मारला गेला. पुढे स्कॉटलंडमध्ये आर्डीर येथे नोबेल यांचा मोठा कारखाना उभा राहिला. तेथे क्रिया चालू असताना एका माणसाने केवळ थर्मामीटरकडे पाहत बसावयाचे. ठरलेल्या मर्यादेवर पारा चढू लागला की आम्ल बंद करावयाचे, आणि तरीही आवरले नाही तर सगळा माल खालच्या पाण्याच्या हौदात सोडून द्यावयाचा. या माणसाला बसावयास स्टूल दिले होते, ते एका पायाचे. डुलकी लागली की तो पडे आणि जागा होई. या स्टुलाची गोष्ट गमतीने सांगितली जाते. परंतु ज्याला ते स्टूल दिले त्याच्या हातात माल सोडून देण्याचा अधिकारही दिला होता, ही गोष्ट आम्हांस स्टुलाहून मोठी वाटते.

आता मुंबईकडे येऊ. १४ एप्रिल १९४४ चा गोदीतील स्फोट आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींनी त्यांच्या आईवडिलांकडून ऐकलेला असेल. ‘फोर्ट स्टिकिन’ हे सात हजार टनांचे जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे येऊन १२ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत लागले. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, शिवाय सोन्याच्या विटा. आणि कराचीला त्यात भरली कापसाच्या गाठी, तेलाची पिंपे, गंधक, लाकूड. युद्धाचा काळ, जहाजांची टंचाई. एरवी शेजारी ठेवू नये असा माल एका खणात आला. १४ तारखेस दुपारी जेवणाच्या सुट्टीत आजूबाजूच्या काही जणांना जहाजावर धुराची रेघ दिसली होती, असे पुढे चौकशीत निघाले. त्यांनी कोणास सांगितले नाही. सांगणे आपले काम आहे असे त्यांना वाटले नसावे. दोनच्या सुमारास गोदी कामगार खाली उतरले तेव्हा दोन नंबरच्या खणातील कापूस धुमसताना आढळला. कोणाच्या तरी विडी-सिगारेटचा संशय घेतला गेला.

दाबून बांधलेली कापसाची गाठ पेटते ती ज्वाळेने नव्हे, आतल्या आत धुमसून. वरून ओतलेले पाणी तिच्या पोटात शिरत नाही, आणि तंतूंत कोंडलेल्या हवेवर आग पुढे सरकत राहते. बंबवाले येऊन पोहोचले, बत्तीस नळ लागले, सुमारे नऊशे टन पाणी त्या खणात गेले. तरी आग कोठे आहे ते धुरामुळे दिसेना. मात्र जहाज स्वतः ते सांगत होते. त्याच्या बाहेरच्या पत्र्यावर एका जागी रंगाला फोड येऊ लागले. खणातले पाणी उकळू लागले. त्या फोडांच्या जागी पत्रा कापून नळ आत घालावा म्हणून गॅसचे यंत्र मागविले, तर ते चालेना. धक्क्यावर तेव्हा अधिकारी थोडेथोडके नव्हते. जहाजाचा कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, दारूगोळ्याचा जाणकार होता, अग्निशामक दलाचे प्रमुख होते. एक म्हणे जहाज बाहेर समुद्रात ओढून न्या, दुसरा म्हणे येथेच बुडवा, तिसरा म्हणे पाणी मारीत राहा. सर्वांना आज्ञा करील असा एक माणूस मात्र तेथे नव्हता. दोन तास असे गेले.

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मृतांचा आकडा कोणी आठशे सांगतात, कोणी तेराशे. अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यात गेले, आणि म्हणून आजही १४ एप्रिलला देशभर त्यांची आठवण केली जाते. सोन्याच्या विटा कोठे कोठे उडून पडल्या याच्या सुरस कथा मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. रंगाला आलेल्या फोडांची कथा कोणी सांगत नाही. आम्हांस तर त्या दुपारची सर्वांत बोलकी गोष्ट तीच वाटते. स्फोटकाला ज्वाळाच लागावी लागते असे नाही. पुरेशी उष्णता पोहोचली की पुरे. ती किती पोहोचली आहे हे पत्रा सांगत होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखान्यांचा कायदा झाला. त्याच्या तेराव्या कलमात उष्णतेचा विचार होता, पण तो कामगाराच्या अंगाला लागणाऱ्या उष्णतेचा : खोल्यांत हवा खेळावी, तापमान कामगारास सुसह्य असावे, पत्र्याच्या छताखाली माणसे भाजू नयेत. हा विचार आवश्यकच होता. मुंबईच्या गिरण्यांत सूत तुटू नये म्हणून वाफ सोडलेल्या कोंदट खात्यांत ज्यांनी आयुष्ये काढली, त्यांचे ऋण त्या कलमावर आहे. ज्वालाग्राही धूळ, वायू, दाबाखालची यंत्रे यांविषयीही त्यात कलमे होती. पण रासायनिक क्रियेच्या स्वतःच्या उष्णतेने बिथरणाऱ्या पिंपाचा विचार निराळा करावा लागतो, हे कायद्याच्या ध्यानात यावयास भोपाळ घडावे लागले.

भोपाळचा इतिहास आपण विषारी वायूचा म्हणून वाचतो. तो उष्णतेचाही आहे. ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट होते. हा द्रव ३९ अंशांना उकळतो, आणि पाण्याशी त्याचा संयोग झाला की उष्णता निघते. म्हणून तो शून्य अंशाच्या आसपास ठेवावा, असे कंपनीच्याच पुस्तकात लिहिलेले होते. त्यासाठी शीतयंत्र बसविलेले होते. ते १९८४ च्या मध्यापासून बंद होते. टाकीतला माल आता नेहमीच बाहेरच्या हवेइतका, पंधरा-वीस अंशांवर राही. उष्णता वाढल्याची सूचना देणारी घंटा अकरा अंशांना वाजावयाची, ती मग सदाच वाजत राहिली असती, तेव्हा तिचाही उपयोग उरला नव्हता. उष्णतामान नोंदवून ठेवण्याची रीतही सुटली होती. उष्णतामापकाचा काटा पंचविसापर्यंतच जाई.

२ डिसेंबरच्या रात्री टाकीत पाणी शिरले. ते कसे शिरले यावर पुष्कळ वाद झाला, त्यात आम्ही पडत नाही. रात्री अकराच्या सुमारास दाब पाचपट झालेला दिसला. पण तो अजून नेहमीच्या मर्यादेत बसत होता, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. साडेअकराला कामगारांचे डोळे चुरचुरू लागले. गळती शोधण्याचे काम चहानंतर करू असे ठरले. मध्यरात्रीनंतर उष्णता आणि दाब दोन्ही मापकांच्या बाहेर गेले, टाकीवरचे काँक्रीट तडकू लागले, आणि त्याजवळ गेलेल्या माणसाला खालून येणारी धग जाणवली. त्यापुढचे आपणांस ठाऊक आहे. राज्य सरकारने पुढे मान्य केलेला मृतांचा आकडा ३,७८७ आहे. प्रत्यक्ष आकडा त्याहून पुष्कळ मोठा, असे तेथील लोक सांगत आले आहेत.

या कथेचा पुढचा धागा आपल्या कोथरूडच्या शेजारी येतो. वेताळ टेकडी ओलांडली की पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे; १९५० साली तिचे उद्‌घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. भोपाळच्या तपासासाठी डॉ. वरदराजन यांच्या प्रमुखत्वाखाली शास्त्रज्ञांचे जे मंडळ काम करीत होते, त्यात या प्रयोगशाळेचे तेव्हाचे संचालक डॉ. दोराईस्वामी, डॉ. माशेलकर आदी मंडळी होती. साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी जुळत नव्हत्या, नोंदवह्या अपुऱ्या होत्या. तेव्हा शास्त्रज्ञांनी टाकीलाच साक्षीला बोलाविले. तळाशी उरलेल्या घट्ट गाळात कोणकोणती संयुगे आहेत ते पाहावयाचे. ती कोणत्या उष्णतामानाला तयार होतात हे प्रयोगाने ताडावयाचे. आणि त्यावरून त्या रात्री टाकीच्या पोटात काय घडले ते मागे मागे जात वाचावयाचे. पुराणवस्तू खणून काढणारा संशोधक खापरावरून वस्तीचे वय सांगतो, तसलेच हे काम. टाकी दोनशे अंशांच्या वर तापली असली पाहिजे, असा निष्कर्ष डिसेंबर १९८५ च्या अहवालात आला. इतका घातक पदार्थ इतक्या मोठ्या प्रमाणात, इतके दिवस साठवून ठेवण्याचीच मुळात गरज नव्हती, असाही त्याचा रोख होता. मघाचे कपाचे आणि हंड्याचे अंकगणित येथे पुन्हा भेटते.

भोपाळविषयी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. तो भाग त्या दिवसांत उत्पादन करीत नव्हता. माल साठवून नुसता पडलेला होता. बंद कारखाना म्हणजे निर्धास्त कारखाना, असा आपला समज असतो. शनिवारी संध्याकाळी कुलूप लावले की सोमवारपर्यंत चिंता नाही! इटलीत सेव्हेसो येथे १० जुलै १९७६ ला, शनिवारीच, हा समज खोटा ठरला. साप्ताहिक सुट्टीसाठी क्रिया अर्ध्यावर थांबवून माणसे घरी गेली. रिअॅक्टरच्या भिंतीत साठलेल्या उष्णतेने वरचा थर तापत राहिला, आणि काही तासांनी झडप फुटून विषारी ढग गावावर पसरला. आपल्याकडे विशाखापट्टणम्‌ला ७ मे २०२० च्या पहाटे तेच घडले. टाळेबंदीमुळे स्टायरिनची टाकी कित्येक आठवडे तशीच उभी होती. थंड करण्याची यंत्रणा रात्री बंद ठेवीत. टाकीला उष्णतामापक होता, नोंदीही होत होत्या. पण मापक तळाशी होता, आणि उष्णता वर साठत होती. तळाचा आकडा शांत राहिला, वरचा थर स्वतःच्या उष्णतेने बिथरला. बारा माणसे गेली. डोंबिवलीत तर २०१६ आणि २०२४, दोन्ही वर्षांच्या मे महिन्यात रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, आणि मैलभर दूरच्या घरांच्या काचा फुटल्या. त्यांची अधिक चिकित्सा आज करीत नाही.

भोपाळनंतर, १९८७ साली, कारखान्यांच्या कायद्यात धोकादायक क्रियांसाठी एक नवे प्रकरण घालण्यात आले, आणि १९८९ साली घातक रसायनांची साठवण व हाताळणी यांचे नियम आले. त्या नव्या प्रकरणाच्या शेवटच्या कलमाने कामगाराला एक हक्क दिला : जीविताला तातडीचा धोका आहे असे त्याला सकारण वाटले, तर त्याने ते व्यवस्थापकाच्या नजरेस आणावे, आणि व्यवस्थापकाने ताबडतोब उपाय केला पाहिजे. २०२५ च्या नोव्हेंबरपासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. धोका दिसल्यावर सांगण्याचा हक्क कागदावर यावयास आपल्याकडे पहिल्या कारखाना-कायद्यापासून, म्हणजे १८८१ पासून, शंभरावर वर्षे लागली, याची येथे नोंद करून ठेवतो.

तो हक्क येण्यापूर्वीची एक हकीकत आम्हांस ठाऊक आहे. आमच्या गल्लीत एक निवृत्त कामगार राहतात. त्यांचे नाव सांगत नाही, कारखान्याचेही नाही. १९८० च्या आसपासची गोष्ट. रंगासाठी लागणारे एक द्रव्य करावयाचे, त्यात रिअॅक्टरमध्ये आम्ल थेंबाथेंबाने सोडावयाचे, आत ढवळणारा पंखा फिरत ठेवावयाचा, बाहेरून थंड पाणी खेळवावयाचे. आमच्या शेजाऱ्यांचे काम थर्मामीटर पाहण्याचे. एका रात्रपाळीला पारा चढण्याऐवजी उतरू लागला. दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. “मास्तर,” ते आम्हांस म्हणाले, “पारा चढला असता तर मी भ्यालो नसतो. तो खाली आला तेव्हा पोटात गोळा आला. आम्ल तर पडतंच होतं. मग ऊब गेली कुठे?”

त्यांनी पंख्याच्या दांड्याला कान लावला. मोटर फिरत होती, पण पट्टा घसरला होता; पंखा थांबलेला. आम्ल मालात न मिसळता साठत चालले होते. पर्यवेक्षक म्हणाले, पट्टा चढव आणि पंखा चालू कर. चालू केला असता तर साठलेले सगळे आम्ल एकदम मिसळले असते, आणि जी उष्णता चार तासांत निघावयाची ती क्षणात निघाली असती. शेजाऱ्यांनी पंखा चालू केला नाही. त्यांनी आम्लाची तोटी बंद केली, खालची झडप उघडली, आणि सगळा माल पाण्याच्या हौदात सोडून दिला.

माल वाया गेला. तिसऱ्या दिवशी त्यांना मेमो मिळाला : वरिष्ठांची आज्ञा मोडून कंपनीचे नुकसान केल्याबद्दल खुलासा करावा. तो कागद त्यांनी अजून ठेवला आहे. मागच्या महिन्यात आम्ही पाहावयास मागितला, तेव्हा त्यांनी कपाटातील रेशनकार्डाच्या पिशवीतून तो काढून दिला. घडीवर फाटत आला आहे. मागच्या बाजूस त्यांनी स्वतःच्या हाताने पेन्सिलीने त्या रात्रीची उष्णतामाने लिहून ठेवली आहेत, दर दहा मिनिटांची, एकाखाली एक. शेवटच्या आकड्यापुढे वेळ आहे, दोन वाजून चाळीस मिनिटे, आणि ‘सोडला’ एवढाच शब्द.